मराठवाड्यातल्या घराण्यांचा लोखंड-बांधकामाचा धंदा: दुकान, गुत्तेदारी आणि रोलिंग मिल

गोदातीर

जालना, लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठल्याही बाजारपेठेत तीन-चार पिढ्यांची लोखंडाची पेढी सापडते. आधी दुकान, त्याला जोडून सिमेंट-पत्रे, मग गुत्तेदारी म्हणजे बांधकामाचे ठेके, आणि काहींची पुढे रोलिंग मिल, म्हणजे तापलेलं लोखंड लाटून गज-पट्टी काढणारा कारखाना. या घराण्यांवर लिहिलं जातं ते स्मरणिकांमध्ये. त्यात सत्कारांची यादी असते, पण माल कुठून यायचा, कोणत्या मापाचा यायचा, पैसा कुठे अडकायचा, यावर ओळ नसते. ती माहिती इथे गोळा करावी म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत आधी मांडतो. या धंद्याचे टप्पे आजोबा-वडील-नातू असे पाडले की हाती काही लागत नाही. माल कुठून येत होता यावरून टप्पे पाडले की सगळं उलगडतं: रेल्वेचा माल, परमिटचा माल, जहाजाची प्लेट, आणि भंगाराची भट्टी.

पहिला टप्पा रेल्वेचा. १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातली मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली आणि औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी ही गावं तिच्यावर आली. लातूरला बार्शी लाइटची नॅरोगेज १९११ ला पोचली. म्हणजे मुंबईकडून ब्रॉडगेजने येणारं लोखंड जालन्यासाठी मनमाडला आणि लातूरसाठी कुर्डुवाडीला हातांनी उतरवून पुन्हा चढवावं लागे. दोनदा हमाली, दोनदा तूट. त्यामुळे मालधक्क्याजवळ गोदाम असलेल्या पेढीला जो फायदा होता तो गावातल्या दुकानाला कधीच मिळाला नाही. जुन्या पेढ्या स्टेशन रोडवर का दिसतात, त्याचं कारण हेच.

त्या काळी विकलं जाणारं लोखंड बांधकामाचं नव्हतंच फारसं. बैलगाडीच्या चाकाची धाव (चाकाभोवतीची लोखंडी पट्टी), नांगराचे फाळ, कुळवाची पास, विहिरीच्या रहाटाचे कणे, गुळाच्या काहिलीचा पत्रा. सगळ्यात मोठा खप पट्टीचा, कारण धाव दर काही वर्षांनी झिजते. घर बांधायला लागायचे ते खिळे, कड्या-कोयंडे आणि फार तर वाड्याच्या माडीला एखादा गर्डर.

---

खतावणी

चांगला धागा. ज्यांच्या घरात जुन्या वह्या आहेत त्यांनी त्या वाचताना चार गोष्टी सांभाळाव्यात, नाहीतर भाव आणि सालं दोन्ही चुकतात.

एक, साल. हैदराबाद संस्थानात फसली साल चालायचं आणि ते ऑक्टोबरात बदलायचं. फसलीत ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदींचं इसवी साल मिळतं, जानेवारीनंतरच्या नोंदींना ५९१ मिळवायचे. उदाहरणार्थ सप्टेंबर १९४८ म्हणजे १३५७ फसली. महिने अजूर, दै, बहमन, इस्फंदार असे असतात. पण पेढीची वही दिवाळी पाडव्याला बदलते, त्यामुळे एकाच वहीत फसली, शक आणि इसवी अशी तिन्ही सालं येऊ शकतात. सरकारी पत्रव्यवहार फसलीत, हुंड्या आणि रोजकीर्द मितीवर, म्हणजे तिथीवर.

दोन, नाणं. 'ह' किंवा 'हाली' लिहिलं असेल तर हाली सिक्का म्हणजे निजामाचा रुपया, 'क' असेल तर कलदार म्हणजे ब्रिटिश रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार हा ढोबळ हिशोब. मुंबईची खरेदी कलदारात, गावातली विक्री हालीत. हे न पाहता नफा काढला तर तो फुगलेला दिसतो. हाली सिक्का विलीनीकरणानंतरही काही वर्षं चलनात होता.

तीन, वजन. लोखंड टन-हंड्रेडवेट-क्वार्टर-पौंडात यायचं. तो टन १०१६ किलोचा आणि हंड्रेडवेट ५०.८ किलोचा. साठच्या दशकापासूनच्या वह्यांत १००० किलोचा मेट्रिक टन येतो. दोन दर शेजारी मांडायचे असतील तर हा १.६ टक्क्यांचा फरक आधी काढा.

चार, भाषा. पेढीची वही मोडीत, तामीरात खात्याचे म्हणजे सार्वजनिक बांधकामाचे कागद उर्दूत. गुत्तेदारीचा जुना पुरावा घरात सापडत नाही अशी तक्रार असते. बऱ्याचदा तो सापडलेला असतो, फक्त घरात उर्दू वाचणारं कोणी उरलेलं नसतं. असा गठ्ठा रद्दीत घालण्याआधी वाचणाऱ्याला दाखवा.

आणखी एक. करोडगिरीच्या पावत्या फेकू नका. करोडगिरी म्हणजे संस्थानचं जकात खातं. संस्थानाच्या हद्दीत आलेल्या मालाचं वर्णन, नग आणि किंमत त्या पावतीवर असते. पेढीने नेमका कोणता माल आणला याचा तिच्याइतका पक्का कागद दुसरा नाही.

---

बीवन_बीटू

दुसऱ्या टप्प्यावर लिहितो, कारण आजच्या बऱ्याच मोठ्या घराण्यांचा पाया तिथे आहे.

लोखंडावर नियंत्रण दुसऱ्या महायुद्धात आलं आणि या ना त्या रूपात १९९२ पर्यंत राहिलं. मोठ्या कारखान्यांच्या मालाचा भाव आणि वाटप ठरलेलं. दुकानदाराला स्टॉकिस्ट म्हणून नोंद लागायची आणि कोटा मिळायचा. सिमेंटचंही तेच. १९८२ ला अर्धं नियंत्रण उठलं, १९८९ ला पूर्ण. तोवर घर बांधणाऱ्याला परमिट काढून ठरावीक पोती घ्यावी लागत.

याचा परिणाम असा की गिऱ्हाईक शोधायचा प्रश्नच नव्हता, प्रश्न माल मिळवायचा होता. ज्या घराकडे स्टॉकिस्टची नोंद, त्याच्याकडे बाजार. शिवाय पन्नासच्या दशकापासूनच्या भाडे-समानीकरणामुळे (वाहतुकीचं भाडं सगळ्यांवर सारखं वाटण्याचं धोरण) कारखान्याच्या पोलादाचा भाव देशभर जवळपास एकच पडायचा. म्हणजे भिलाई-जमशेदपूरपासून लांब असण्याचा तोटा मराठवाड्यातल्या पेढीला तेवढा बसत नव्हता. तो बसायला लागला धोरण उठल्यावर, आणि नव्वदनंतर जालन्यातच पोलाद तयार करणं परवडू लागलं त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. याकडे लोकांचं लक्ष जात नाही.

गुत्तेदारीत ही घराणी शिरली ती दोन दारांनी. जायकवाडीचं भूमिपूजन १९६५ ला झालं, धरण १९७६ ला राष्ट्राला अर्पण झालं. कालवे, चाऱ्या, पूल, वसाहती यांची छोटी-मोठी कामं त्यानंतरही वर्षानुवर्षं चालली. आणि १९७२ च्या दुष्काळानंतर पाझर तलाव, रस्ते. मातीकाम मजुरांकडून, पण मोऱ्या आणि सांडव्याच्या कामाला सिमेंट-लोखंड लागणारच.

कागद कोणते शोधायचे? बी-वन म्हणजे टक्केवारीचा करार आणि बी-टू म्हणजे बाबनिहाय दराचा. बी-वनला परिशिष्ट 'अ' जोडलेलं असतं, त्यात खात्याच्या भांडारातून गुत्तेदाराला कोणत्या दराने किती सिमेंट आणि लोखंड मिळणार ते लिहिलेलं असतं. टंचाईच्या काळात हे परिशिष्टच कामाचा जीव होतं. नफ्या-तोट्याचा खेळ इथे होता: हिशोबापेक्षा जास्त माल उचलला आणि कामात दिसला नाही तर दंडाच्या दराने वसुली धावत्या देयकातून व्हायची. गज कापताना उरलेले दोन-तीन फुटांचे तुकडे जपून ठेवायची आणि त्यांचा वेगळा हिशोब लिहायची सवय जुन्या गुत्तेदारांना लागली ती यामुळे.

मोजमाप पुस्तक खात्याकडेच राहतं, घरात मिळणार नाही. देयकांच्या प्रती आणि अनामत परत मिळाल्याच्या पावत्या मात्र घरातल्या कपाटात असतात.

---

शेलगाव_फाटा

एक शंका. जुन्या इमारतींच्या स्लॅबमध्ये गज मध्येच वाकडे दिसतात, ठरावीक अंतरावर. हे कारागिराचं काम की मालच तसा?

---

बारबेंडर

@शेलगाव_फाटा, मालच तसा. गज ट्रकच्या किंवा वॅगनच्या लांबीत बसावा म्हणून मधोमध दुमडून यायचा. साइटवर तो उघडून हातोड्याने सरळ करायचे. साध्या गुळगुळीत गजाला हे चालून जातं, पोलाद मऊ असतं. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात पिळाचा गज आला, ज्याला लोक टॉर म्हणायचे. तो थंड अवस्थेत पिळून मजबूत केलेला असतो, म्हणजे त्याची ताणायची क्षमता आधीच थोडी खर्ची पडलेली असते. तो दुमडून पुन्हा सरळ केला की दुमडीच्या जागी बारीक चिरा पडतात आणि गंज तिथूनच धरतो. तुम्हाला स्लॅबखाली ठरावीक रेषेत पापुद्रे सुटलेले दिसत असतील तर दुमडीची ओळ तपासा.

आजही दुकानदार ८ आणि १० मिमीचे गज दुमडून टेम्पोत टाकतात. दुमड मोठ्या गोलाईची असेल तर निभतं. टोकदार घडी घातली असेल तर तो भाग कापून रिंगांसाठी वापरावा, बीमच्या मधल्या भागात येऊ देऊ नये.

---

रोलिंगटेबल

तिसरा आणि चौथा टप्पा.

१९८३ पासून गुजरातच्या किनाऱ्यावर अलंगला जहाजं तोडायला सुरुवात झाली. जहाजाची जाड प्लेट गॅसने कापून तिच्या पट्ट्या करायच्या, भट्टीत लाल करायच्या आणि थेट रोलमधून काढून गज किंवा पट्टी बनवायची. जुने रेल्वे रूळही असेच लाटले जायचे. यात पोलाद वितळतच नाही. यंत्रसामग्री कमी लागते, म्हणून लोखंडाच्या व्यापाऱ्याला कारखानदार व्हायची ही सगळ्यात सोपी पायरी ठरली. दोष असा की प्रत्येक प्लेटचं रसायन वेगळं, त्यामुळे एकाच बंडलातले दोन गज वेगळे वागायचे. एक सरळ वाकायचा, दुसरा वाकवताना तडकायचा.

पुढची पायरी इंडक्शन भट्टी, म्हणजे विजेवर पोलाद वितळवणारी भट्टी. जालना आज पोलादाचं गाव म्हणून ओळखलं जातं ते या भट्ट्यांमुळे आणि त्यांना जोडलेल्या मिल्समुळे. क्रम असा:

भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड) मिळून भट्टी भरतात. वितळलेलं पोलाद १६०० अंशांच्या पुढे नेऊन लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यात, ओततात, तिथून ओतकामाच्या यंत्रात, आणि १०० किंवा १२५ मिमी चौरस बिलेट निघतं. बिलेट गरम असतानाच मिलला गेलं तर पुन्हा तापवायचा कोळसा किंवा गॅस वाचतो. थंड झालं तर पुन्हा ११०० ते १२०० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि पृष्ठभागावरची खवली व टोकांची कापणी मिळून दोन-चार टक्के माल जातो. मग रफिंग, इंटरमिजिएट, फिनिशिंग अशा स्टँडमधून (रोलच्या जोड्यांमधून) गज बारीक होत जातो. शेवटच्या स्टँडनंतर पाण्याच्या जोरदार झोताच्या पेटीतून जातो, बाहेरची कड एकदम थंड होऊन कडक होते, आतली उष्णता बाहेर येऊन त्या कडेला चिवट करते. गाभा मऊच राहतो. याला टीएमटी म्हणतात.

आता बिघडतं कुठे ते. इंडक्शन भट्टीचं अस्तर सिलिकाचं, म्हणजे आम्लधर्मी. त्यात फॉस्फरस आणि गंधक कमी करता येत नाहीत. जेवढे भरतीत आले तेवढे बिलेटमध्ये. म्हणून भंगार निवडणं हेच खरं कौशल्य. आयएस १७८६ या गजांच्या भारतीय मानकाप्रमाणे एफई ५०० प्रतीच्या गजाला दोन्ही प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतात, ५००डी ला ०.०४० पर्यंतच, आणि दोन्हींची बेरीज ०.०७५ च्या आत. साध्या भरतीतून ५००डी सातत्याने काढायचं तर लॅडल रिफायनिंग भट्टी, म्हणजे लॅडलमध्येच पोलाद शुद्ध करायची सोय, लागते. ज्या घराण्यांनी ती बसवली त्यांची आजची पत त्याच निर्णयावर उभी आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

विजेचा खर्च हा दुसरा प्रश्न. एक टन वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट जातात, स्पंजचं प्रमाण वाढलं की त्याहून जास्त. म्हणून भट्टी स्वस्त दराच्या वेळेत जोरात चालवतात. २०१६ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या उद्योगांना वीजदरात सवलत जाहीर झाली, तिचा अर्थ इथल्या भट्टीवाल्यांना विचारा.

आणि सुरक्षा. ओलं भंगार, बंद सिलिंडर, गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर न कापता भट्टीत गेले की आतली वाफ किंवा वायू फुटतो आणि वितळलेलं पोलाद अंगावर येतं. भंगार निवडणाऱ्या माणसाचा पगार वाचवणं हा या धंद्यातला सगळ्यात महाग पडणारा निर्णय आहे. कुठल्याही मिलच्या इतिहासात या कामगारांचा उल्लेख यायलाच हवा.

---

माळवद

किल्लारीच्या भूकंपाचा उल्लेख अजून आला नाही. ३० सप्टेंबर १९९३ नंतर लातूर-उस्मानाबादकडच्या लोखंड बाजाराची दिशाच बदलली.

आधीची घरं: दीड-दोन फुटांहून जाड दगडी भिंती, मातीत बसवलेल्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर लाकडी सांगाडा आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद, दर पावसाळ्याआधी नवा थर टाकून जड होत गेलेलं. धक्क्यात भिंतीचे दोन थर सुटे झाले आणि छप्पर खाली आलं. दगडाचा दोष नव्हता, बांधणीचा होता.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसली. शिवाय हजारो घरांच्या दुरुस्तीचं काम झालं. त्यात जे लोखंड लागलं ते गावकुसाच्या गवंड्याने पहिल्यांदाच हाताळलं: जोत्याला, लिंटलला आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा, ७५ मिमी जाडीचा, दोन गज ८ किंवा १० मिमीचे, ६ मिमीच्या रिंगा दर १५० मिमीवर. कोपऱ्यात उभा गज, पायापासून छताच्या पट्ट्यापर्यंत. चुकायचं ते कोपऱ्यावर. पट्ट्याचे गज कोपऱ्यात नुसते एकमेकांवर ठेवून सोडले जायचे. ते वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेसे आत न्यायला हवेत, नाहीतर पट्टा चार तुकड्यांचा राहतो आणि त्याचा उपयोग उरत नाही.

छोट्या गावातल्या हार्डवेअर दुकानात ६ आणि ८ मिमीचा माल कायम ठेवायची पद्धत या भागात तेव्हा रुळली. पत्र्याचा खपही तेव्हाच वाढला, माणसं माळवदाखाली झोपायला तयार नव्हती.

---

शेलगाव_फाटा

@माळवद, म्हणजे टीएमटी किल्लारीनंतर आला आणि पुनर्वसनाची घरं टीएमटीची आहेत, असं धरायचं का?

---

बारबेंडर

नाही. त्या वर्षांत इथल्या बाजारात पिळाचा गज भरपूर होता, साधा गजही होता. ओळखायची खूण सोपी: पिळाच्या गजावरच्या लांब कडा दोरीसारख्या फिरत जातात, टीएमटीच्या सरळ राहतात. दुरुस्तीसाठी भिंत उघडली की पाहून घ्या. वेल्डिंग करायचं असेल तर हे पाहणं आवश्यकच आहे, पिळाच्या गजाची पिळाने आलेली ताकद उष्णतेने जाते.

---

धर्मकाटा

घराण्यांची पत वजनावर ठरली, म्हणून त्यावर लिहितो.

गजाचं मीटरला वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. ८ मिमी ०.३९५ किलो, १० मिमी ०.६१७, १२ मिमी ०.८८८, १६ मिमी १.५८. बारा मीटरचा १२ मिमी गज १०.६६ किलोचा. मानकात सूट आहे: १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यापुढे १६ पर्यंत ५ टक्के, त्याहून जाडाला ३ टक्के, कमी किंवा जास्त. मिल सुटीच्या खालच्या टोकाला लाटते. ते कायदेशीर आहे.

अडचण तेव्हा होते जेव्हा माल लाटलेला हलका असतो आणि बिल नगावर, म्हणजे तक्त्यातल्या वजनाने केलं जातं. १२ मिमीत ५ टक्के हलका माल असेल तर चार टनांच्या घराला दोनशे किलो लोखंड कमी येतं आणि पैसे पूर्ण जातात. उलट काट्यावर वजन करून विकलं तर गिऱ्हाइकाचं नुकसान नाही, त्याला तेवढ्याच पैशात नग जास्त मिळतात. फक्त डिझाइनमधला गज बारीक झालाय हे इंजिनिअरला सांगायला हवं.

म्हणून बिलावर तिन्ही लिहून घ्या: नग, लांबी, काट्यावरचं वजन. ज्या पेढ्या पन्नास वर्षं टिकल्या त्यांच्या जुन्या बिलबुकात हे तिन्ही रकाने दिसतात.

---

खतावणी

आता घरं का फुटली यावर. मालामुळे क्वचित, उधारीमुळे बहुतेक वेळा.

दुकानाची उधारी सुगीवर फिरते, दिवाळीनंतर कापूस आला की वसूल होते. गुत्तेदारीचा पैसा सरकारी देयकावर फिरतो, मार्चअखेर येतो, कधी पुढच्या मार्चला. मिलचं वीजबिल मात्र दर महिन्याला भरावंच लागतं. हे तीन वेगळ्या वेगाचे पैसे एकाच गल्ल्यात ठेवले की दुकानाचा माल गुत्तेदारीत जातो, वहीत मात्र 'घरखाती' पडतो. दोन भावांपैकी एक दुकान पाहतो, एक साइट, आणि दहा वर्षांनी कोणी कोणाला पोसलं याचा हिशोबच नसतो. ज्या घराण्यांनी साइटला गेलेला मालही बिल करून दिला, बाजारभावाने, त्यांच्या वाटण्या शांतपणे झाल्या.

कायद्याचे तीन मुद्दे प्रत्येक पेढीने पाहावेत. भागीदारी नोंदलेली नसेल तर १९३२ च्या कायद्याच्या कलम ६९ मुळे पेढीला बाहेरच्या देणेकऱ्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही. भागीदार वारला की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर पेढी विसर्जित होते, म्हणून वारसाचं कलम करारातच हवं. आणि उधारीची मुदत तीन वर्षं. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याची 'बाकी मान्य' अशी तारखेसह सही घेतली तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. जुन्या वह्यांत दर पाडव्याला पानाखाली पार्टीची सही दिसते ती यासाठीच घेत.

---

गोदातीर

उपयोगी माहिती येतेय. एक विचारतो: मिल बंद पडली किंवा विकली गेली तर तिचा इतिहास लिहायला काय हाती लागतं? वह्या तर नव्या मालकाकडे जातात.

---

रोलिंगटेबल

रोल. प्रत्येक मिल आपले रोल स्वतःच्या लेथवर कापून घेते, आणि फिनिशिंग रोलवर गजाच्या कडांची नक्षी व मिलचं नाव कोरलेलं असतं. झिजलेले रोल पुष्कळदा आवारात पडून राहतात. त्याचा कागदावर ठसा घ्या. मग त्या गावातल्या पाडकामातून निघालेले गज पाहा, ठसा जुळला की त्या मिलचा माल कुठवर जात होता ते कळतं.

त्याशिवाय हीट रजिस्टर, म्हणजे प्रत्येक भट्टीची तारीख, भरती, रसायन, विजेचे युनिट. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना असेल तर चाचणीच्या नोंदी ठेवणं बंधनकारक असतं, तेव्हा त्या वह्याही शोधा. ताण चाचणीचे आकडे वर्षवार मांडले तर मिल प्लेटवरून बिलेटवर कधी गेली ते तारखेनिशी दिसतं, कारण आकड्यांमधला फरक एकदम कमी होतो.

आणि मिलमध्ये तीस वर्षं काम केलेला रोल टर्नर, म्हणजे रोल कापणारा कारागीर, गाठा, लवकर. पासचा म्हणजे रोलमधून काढायच्या फेऱ्यांचा क्रम, कोणत्या स्टँडला किती दाब, हे बहुतेक मिल्समध्ये कधीच लिहून ठेवलं गेलं नाही.